व्हिसा लागला, निघायचे कधी? सांगलीच्या एका कुटुंबाचे प्रकरण

कुटुंब सांगलीच्या विश्रामबागेतले. सर अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचे. वहिनी घर आणि ऐंशीच्या घरातल्या सासूबाईंना सांभाळायच्या. थोरली मुलगी मिरजेला एमबीबीएस करत होती, धाकटा बारावीत होता. सरांची मोठी बहीण, सगळ्यांची ताई, न्यू जर्सीत एडिसनला राहते. अमेरिकेची नागरिक झाल्यावर तिने २००५ साली भावासाठी अर्ज भरला. तेव्हा धाकट्याचा जन्मही झाला नव्हता. मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत झाली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये. मधली अठरा वर्षे कशात गेली, हे ठाऊक असल्याशिवाय या घराची पुढची घालमेल कळणार नाही, म्हणून थोडे त्याविषयी.

अमेरिकन नागरिकाच्या भावंडांसाठी जो वर्ग आहे त्याला एफ४ म्हणतात. साऱ्या जगासाठी या वर्गात वर्षाला साधारण ६५,००० व्हिसा असतात, आणि कोणत्याही एका देशाला एकूण कोट्याच्या सात टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. अर्ज करणारे भारतीय अफाट, त्यामुळे आपली रांग इतर बहुतेक देशांपेक्षा लांब. अर्ज भरताना तिशीत असलेला माणूस व्हिसा हातात पडतो तेव्हा पन्नाशी ओलांडून गेलेला असतो. त्याची नोकरी पिकलेली असते, मुले शिक्षणाच्या ऐन टप्प्यावर असतात, आईवडील थकलेले असतात. या वर्गाचा व्हिसा बहुतेक घरांत अशाच अवघड वेळी येतो. ‘एवढी वर्षे थांबलात, मग आता कसला उशीर?’ असे जे सहज विचारतात, त्यांना हे दिसत नाही.

माझ्याकडे ही मंडळी आली ती कराच्या प्रश्नासाठी. मी सनदी लेखापाल आहे, वकील नाही. इमिग्रेशनचा सल्ला त्यांनी तिकडच्या वकिलाकडून घेतला आणि मी हिशेबाच्या बाजूने सोबत राहिलो. घरच्यांच्या संमतीने लिहितो आहे.

मुदतीचा अर्थ

पासपोर्टवर चिकटलेल्या व्हिसाची मुदत एप्रिल २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत होती. इमिग्रंट व्हिसा सहसा जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो, आणि वैद्यकीय तपासणीची मुदत आधी संपत असेल तर तो तिथेच संपतो. घरात पहिला गैरसमज इथेच झाला. सरांना वाटत होते, सहा महिन्यांत सामानसुमान आवरून कायमचे गेलेच पाहिजे. त्यांच्या मेहुण्यांना वाटत होते, एकदा जाऊन शिक्का मारून आले की पुढे मोकळीक. दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या होत्या.

मुदतीच्या आत अमेरिकेच्या विमानतळावर उतरणे एवढेच व्हिसा मागतो. उतरल्याक्षणी माणूस कायमचा रहिवासी होतो. व्हिसावरच्या शिक्क्याला त्या दिवसापासून वर्षभर ग्रीन कार्डाची किंमत असते. प्रत्यक्ष कार्ड नंतर टपालाने तिथल्या पत्त्यावर येते, त्यासाठीची फी आधी ऑनलाइन भरावी लागते (तेव्हा ती २२० डॉलर होती, १ एप्रिल २०२४ पासून २३५ झाली). कार्डाची वाट पाहत तिथे अडकून पडावे लागत नाही. इथपर्यंत मेहुणे बरोबर होते.

पण रहिवासी झाल्यावर त्या देशात राहणे हे त्या दर्ज्याचे मूळच आहे. बाहेर जाणे चालते, ते तात्पुरते असेल तर. ‘तात्पुरते’ कशाला म्हणायचे यावर अमेरिकेत कित्येक निकाल झाले आहेत. त्यांतला १९७५ सालचा केन प्रकरणातला निकाल मी सरांना मुद्दाम समजावून सांगितला. त्यातली बाई वर्षातले बहुतेक महिने जमैकात राहून तिथले लॉजिंग चालवायची आणि दरवर्षी थोड्या दिवसांसाठी अमेरिकेत येऊन जायची. वर्षाच्या आत परत येण्याचा नेम तिने कधी चुकवला नव्हता, तरी तिचा रहिवास सोडलेला मानला गेला. कारण तिचे खरे घर आणि कामधंदा जमैकात होता, आणि अमेरिकेत ती पाहुणी म्हणून यायची.

आपल्याकडे ‘सहा महिन्यांतून एकदा तोंड दाखवून यायचे’ हा सल्ला लग्नाच्या पंगतीतही मिळतो. सहा महिन्यांचा आकडा कायद्यात आहे, पण वेगळ्या कामासाठी. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलेल्या रहिवाशाकडे परतताना नव्याने प्रवेश मागणारा म्हणून पाहता येते, म्हणजे चौकशी जास्त कडक होते. मात्र त्याच कलमात, त्याच्याही आधी, रहिवास सोडून दिलेल्या माणसाचा उल्लेख आहे, आणि तिथे दिवसांची अट नाही. पाच महिन्यांनी परतलेल्यालाही अधिकारी विचारू शकतो की बाबा, तू राहतोस कुठे? दुसरा आकडा एका वर्षाचा. सलग वर्षभर बाहेर राहिले तर नुसते कार्ड दाखवून आत येता येत नाही. त्यासाठी आधी घेतलेले री-एंट्री परमिट, म्हणजे परत आत येण्याचा परवाना, लागते, नाहीतर वकिलातीत जाऊन परतणाऱ्या रहिवाशाचा एसबी-१ व्हिसा मागावा लागतो. त्यात आपल्या हाताबाहेरच्या कारणाने अडकलो हे सिद्ध करावे लागते, आणि ते सोपे नसते.

एका घरात चार वेगळे प्रश्न

ताईचा फोन आठवड्यातून दोनदा यायचा. ‘तुम्ही सगळे या, पुढचे पुढे बघू.’ अठरा वर्षे या अर्जाची कागदपत्रे तिने जपली होती, तिची घाई समजण्यासारखी होती. सर म्हणायचे, ‘ताई, कॉलेजचे काय, आईचे काय, ते तरी सांग.’ महिनाभर बोलणी या दोन वाक्यांभोवती फिरत होती, कारण सगळे जण ‘आपण कधी जायचे’ असा एकच प्रश्न धरून बसले होते. मला हे प्रश्न चार दिसत होते. चौघांचा उशीर वेगवेगळ्या कारणाचा होता आणि त्या प्रत्येक कारणाची कायद्यातली ताकदही वेगळी होती.

मी त्यांना कोऱ्या कागदावर चार नावे लिहायला सांगितली आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट मागितली : ज्या कारणासाठी थांबायचे ते संपण्याची तारीख.

धाकट्याची तारीख सगळ्यांत सोपी. बारावीची परीक्षा २१ फेब्रुवारी २०२४ ला सुरू होऊन मार्चमध्ये संपणार होती. व्हिसा एप्रिलपर्यंत. म्हणजे त्याला थांबण्याचे कारणच उरत नव्हते, परीक्षा दिली की तो मोकळा. जेईई-सीईटीचा आग्रह सरांनी थोडा धरला, पण ज्याला पुढे तिकडेच शिकायचे आहे त्याला इथल्या प्रवेशपरीक्षांत अडकवून व्हिसाची मुदत गाठीला आणणे मला पटले नाही, आणि मी तसे बोललो.

थोरलीचे प्रकरण नाजूक होते. ती जन्माने एकवीस पूर्ण झालेली. एकवीस ओलांडलेली मुले वडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात, पण २००२ सालच्या बालक-दर्जा संरक्षण कायद्याने तिला तारले. त्यात हिशेब असा की व्हिसाची तारीख लागली, म्हणजे रांगेत या अर्जाचा नंबर आला, त्या दिवशीच्या वयातून, मूळ अर्ज मंजूर व्हायला जितका काळ लागला तितका वजा करायचा. ताईचा अर्ज मंजूर व्हायलाच पाच वर्षे गेली होती. त्या वेळी सगळ्यांनी त्या ढिलाईबद्दल बोटे मोडली होती, आणि त्याच पाच वर्षांनी पोरीचे वय कायद्याच्या नजरेत सोळाच्या आसपास आणून ठेवले. तारीख लागल्यावर वर्षाच्या आत व्हिसासाठी पाऊल उचलण्याची अटही ताईने वेळेत फी भरून पाळली होती.

पण ही संधी एकदाच मिळते. थोरलीने हा व्हिसा वाया घालवला तर पुन्हा याच अर्जातून तिला मिळेल याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते, आणि मधल्या काळात लग्न झाले तर मार्ग कायमचा बंद. त्यामुळे तिने एप्रिलच्या आत उतरणे अटळ होते. अडचण अशी की एमबीबीएसचे अखेरचे वर्ष आणि सक्तीची वर्षभराची इंटर्नशिप बाकी होती. ती सोडून तिकडे गेली असती तर हाती पदवीही नाही आणि तिथे डॉक्टरकीची परवाना-परीक्षा देण्याची पात्रताही नाही. तिच्यापुढे तारीख लिहिली गेली : इंटर्नशिपचा शेवट, २०२६.

मला चौघांत तिचे कारण सगळ्यांत भक्कम वाटले. शिक्षण चालू आहे, ते कधी संपणार हे विद्यापीठाच्या कागदावर आहे, आणि ते संपल्यावर करायचे काम अमेरिकेतलेच आहे. तात्पुरत्या गैरहजेरीला याहून स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल.

सरांच्या नावापुढे आधी ‘बघू’ असे लिहिले गेले. त्यांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा वीस वर्षांच्या वर झालेली होती, नेमणूक नोव्हेंबर २००५ च्या आधीची, म्हणजे जुनी पेन्शन. तीन महिन्यांची नोटीस देऊन ऐच्छिक सेवानिवृत्ती घेता येत होती. माझे मत होते की जानेवारीत नोटीस द्यावी आणि एप्रिलमध्ये मोकळे होऊन जावे. सरांचे म्हणणे वेगळे पडले. विषयाला दुसरा शिक्षक नव्हता, सेवापुस्तकातल्या दोन जुन्या वेतननिश्चिती दुरुस्त करून घ्यायच्या होत्या आणि त्या इथे नसताना झाल्या असत्या असे त्यांना वाटत नव्हते. पेन्शनची फाइल माणूस समोर असताना हलते आणि नसताना पडून राहते, हा अनुभव त्यांच्या सहकाऱ्यांचा होता. मला ते पूर्ण पटले नाही, पण पेन्शन ही जन्माची गोष्ट आहे, म्हणून मी फार ताणले नाही. एकच अट घातली : तारीख लिहा. शेवटी ३१ मे २०२५ लिहिली गेली.

आणि वहिनी. त्यांनी पेन हातात घेतले आणि खाली ठेवले. सासूबाईंना अंथरुणातून उठवायला माणूस लागत होता. पुण्याचा धाकटा दीर पैशाला मागे हटत नव्हता, पण त्याच्या दोन खोल्यांत आजींची सोय होण्यासारखी नव्हती, आणि आजी सांगली सोडायला तयार नव्हत्या. वहिनी म्हणाल्या, ‘इथे काय तारीख लिहू? तारीख लिहिणे म्हणजे काय, ते तुम्हीच बघा.’

खोलीतले सगळे गप्प झाले. त्यांचे बरोबर होते. आजारी सासूची सेवा हे कारण माणुसकीच्या तराजूत सगळ्यांत वजनदार, आणि कायद्यात सगळ्यांत हलके, कारण त्याला शेवट दाखवता येत नाही. विमानतळावर ‘कधी परत येणार?’ याला वहिनींकडे प्रामाणिक उत्तर नव्हते.

जो पर्याय कोणी सांगितला नव्हता

त्या दिवसापर्यंत सगळे धरून चालले होते की चौघांनी एकदम उतरायचे आणि मग वहिनींनी परत यायचे, सहा-सहा महिन्यांनी फेऱ्या मारायच्या. फेऱ्या कोण मारणार? आजींजवळ तेवढे दिवस कोण? शिवाय ज्या बाईचा कायमचा मुक्काम सांगलीत आहे तिच्या नावावर कार्ड घेऊन ते टिकवण्याची धडपड करायची, हेच मुळात उलटे.

तिकडच्या वकिलाने दुसरी वाट दाखवली. मूळ लाभार्थी सर. त्यांनी आधी किंवा सोबत उतरायचे, हा नियम बायको-मुलांना लागू आहे. पण सर रहिवासी झाल्यावर त्यांची बायको मागाहून त्याच अर्जावर, त्याच अग्रक्रमाच्या तारखेवर, म्हणजे रांगेतल्या त्याच जागेवर, येऊ शकते. लग्न सरांच्या प्रवेशाआधीचे असले पाहिजे, सरांचा रहिवास शाबूत असला पाहिजे. बायकोसाठी याला वर्षांची मर्यादा नाही. मुलांना मात्र वयाची आणि लग्नाची अट कायम राहते, म्हणून हीच सवलत थोरलीच्या उपयोगाची नव्हती.

याची किंमतही त्याने स्पष्ट सांगितली. हातातला व्हिसा मुदत संपून वाया जाणार. पुढे पुन्हा अर्ज, पुन्हा ३२५ डॉलरची व्हिसा फी, पुन्हा वैद्यकीय तपासणी, पुन्हा मुलाखत. तेव्हा एफ४ च्या रांगेत ज्या तारखेपर्यंतच्या अर्जांना व्हिसा मिळतो ती तारीख मागे सरकलेली असेल तर ती पुढे येईपर्यंत थांबणे. सहा महिन्यांहून जास्त उशीर झाला तर ताईला वहिनींसाठी आय-८६४ हे आर्थिक जबाबदारीचे हमीपत्र नव्याने द्यावे लागणार, नव्या उत्पन्नाच्या कागदांसह. ताई तोवर निवृत्त झालेली असेल तर जोडीला दुसरा हमीदार. आणि मधल्या काळात नवऱ्याला भेटायला पर्यटक व्हिसा मागितला तर तो मिळणे कठीण, कारण कायमचे जाण्याचा इरादा त्यांच्या कागदांवरच आहे.

ताई हे ऐकून रडली. हातात आलेला व्हिसा सोडून द्यायचा, ही गोष्ट तिच्या मनाला पटेना. मी तिच्या जागी असतो तर मलाही पटली नसती. पण वहिनींनी दोन दिवसांनी स्वतःच ठरवले. ‘ज्याच्याकडे तारीख आहे त्याने जावे. माझ्याकडे नाही.’ या सगळ्या प्रकरणातला सगळ्यांत समंजस निर्णय माझ्या मते हाच. पुढच्या कागदपत्रांत कुठेही खोटे बोलण्याची वेळ कोणावर आली नाही, ती या निर्णयामुळे.

निघण्याआधीचे तीन महिने

इथून माझे काम सुरू झाले, आणि हा भाग बहुतेक घरांत निसटतो म्हणून जरा सविस्तर.

अमेरिकेत रहिवासी म्हणून पाय ठेवला त्या दिवसापासून जगभरातले उत्पन्न त्यांच्या कराच्या कक्षेत येते. माणूस लगेच परत येऊन सांगलीत नोकरी करत असला तरी. मुक्काम लांबवता येतो, कर लांबवता येत नाही.

सरांचे चार म्युच्युअल फंडांत एसआयपी चालू होते. भारतीय म्युच्युअल फंडांना अमेरिकन करकायदा परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपन्यांत मोजतो. त्यांच्यासाठी दरवर्षी फंडागणिक ८६२१ क्रमांकाचा किचकट फॉर्म आणि कराची पद्धतही जाचक. हे फंड आम्ही उतरण्याआधी विकले आणि भारतातला भांडवली नफ्याचा कर भरून टाकला. कुपवाडच्या बाजूचा एक प्लॉट होता, तोही त्याच वेळी विकला. त्याचे कारण असे की रहिवासी झाल्याच्या दिवशीचा बाजारभाव अमेरिका मूळ किंमत म्हणून धरत नाही. नंतर विकला असता तर वीस वर्षांपूर्वीच्या खरेदीपासूनचा सगळा नफा तिकडच्याही रिटर्नमध्ये गेला असता.

पीपीएफ सुरू ठेवला, पण त्याचे व्याज इथे करमुक्त असले तरी तिथे आपोआप करमुक्त होत नाही, हे सरांच्या वहीत लिहून दिले. मग बँक खाती. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एका दिवशी जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, म्हणजे तेव्हाच्या भावाने सव्वाआठ लाखांच्या पुढे, तर एफबार नावाचे विवरण द्यावे लागते. सर म्हणाले, माझ्या खात्यात कुठे तेवढे असतात? मी विचारले, आजींच्या मुदत ठेवींवर जोडनाव कोणाचे? त्यांचेच. सही करण्याचा अधिकार असला तरी खाते विवरणात येते. आजींच्या ठेवींवरून सरांचे नाव काढून पुण्याच्या दिरांचे घातले. बँकेत त्यासाठी तीन फेऱ्या झाल्या, पण निघण्याआधी काम पुरे झाले.

सर, थोरली आणि धाकटा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नेवार्कला उतरले. वहिनी नव्हत्या.

परमिट

री-एंट्री परमिटचा अर्ज, आय-१३१, अमेरिकेत हजर असतानाच भरावा लागतो. इकडे परत येऊन भरता येत नाही. सांगलीत बसून ‘आता परमिट घेऊ’ म्हणणारी दोन घरे मला माहीत आहेत, त्यांना पुन्हा तिकीट काढावे लागले. सरांनी आणि थोरलीने उतरल्यावर त्याच आठवड्यात अर्ज टाकले, प्रत्येकी ६३० डॉलर. बोटांचे ठसे देण्याची तारीख येईपर्यंत थांबले आणि ठसे देऊन मे महिन्याच्या मध्याला परतले. परमिट हातात पडायची वाट पाहावी लागत नाही, ते मुंबईच्या वकिलातीतून घेण्याची सोय अर्जातच निवडता येते.

परमिट मंजूर झाल्यापासून दोन वर्षे चालते आणि वाढवून मिळत नाही. ते असले की वर्षाहून जास्त बाहेर राहिलो एवढ्याच कारणावर आत येणे अडत नाही. पण रहिवास सोडल्याचा संशय आला तर परमिट हा पुराव्यांतला एक पुरावा, त्याने सगळे झाकले जात नाही. आणि नागरिकत्वासाठी लागणारा सलग पाच वर्षांचा वास त्याने वाचत नाही. थोरलीचा तो काळ ती कायमची गेल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू होणार, हे तिला आधीच सांगून ठेवले. तिने ते शांतपणे स्वीकारले, ‘काका, डॉक्टर होऊन जाते आहे, चालेल’ म्हणाली.

धाकटा ताईकडे राहिला. तीस दिवसांत सिलेक्टिव्ह सर्व्हिसची, म्हणजे गरज पडल्यास सक्तीच्या लष्करभरतीसाठीची, नोंदणी केली (अठरा ते पंचवीस वयाच्या मुलग्यांना ती करावीच लागते), सोशल सिक्युरिटी क्रमांक आल्यावर एका दुकानात अर्धवेळ काम धरले, आणि कम्युनिटी कॉलेजला नाव घातले. त्याच्यासाठी या प्रकरणात सांगण्यासारखे फारसे काही नाही, तो वेळेत गेला आणि रुळला.

विमानतळावरचा अर्धा तास

सर दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबर २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा गेले. बाहेरचे दिवस १८० च्या आत होते. तरी नेवार्कला अधिकाऱ्याने बाजूला बसवले. नोकरी कुठे करता? भारतात. बायको कुठे? भारतात. मग अमेरिकेत तुमचे काय आहे?

सरांनी फाइल काढली. ऐच्छिक सेवानिवृत्तीचा अर्ज, त्यावर ३१ मे २०२५ ही तारीख आणि कॉलेजची पोच. परमिटच्या अर्जाची पावती. न्यू जर्सीचे बँक खाते. ताईच्या घराच्या वरच्या मजल्याचा भाडेकरार, भाडे खरेच खात्यातून जात होते. मुलाचे कॉलेजचे ओळखपत्र. अधिकाऱ्याने कागद चाळले, म्हणाला की जूननंतरही तुम्ही भारतातच दिसलात तर मला वेगळा विचार करावा लागेल, आणि जाऊ दिले.

त्याच खोलीत एक वयस्कर जोडपे बसले होते. त्यांच्यापुढे आय-४०७ हा रहिवास स्वेच्छेने सोडण्याचा फॉर्म ठेवलेला होता. हा फॉर्म सही केलाच पाहिजे असे बंधन नाही. सही नाकारली तर प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जाते आणि रहिवास सोडल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर येतो, तोही साधा नाही, ठाम आणि निःसंदिग्ध पुराव्याचा. ज्यांचे घर खरोखर इथेच आहे त्यांनी सही करून पर्यटक म्हणून येत राहणे शहाणपणाचे असू शकते, पण तो निर्णय घरी विचार करून घ्यावा, सोळा तासांच्या प्रवासानंतर डोळ्यांवर झोप असताना नव्हे. सरांना त्या जोडप्याशी बोलता आले नाही, याची त्यांना खंत आहे.

एप्रिल २०२५ मध्ये २०२४ सालचे रिटर्न आले. इथे एका परिचिताने सरांना सुचवले होते की दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा आधार घेऊन स्वतःला अमेरिकेचा अनिवासी दाखवा, कर वाचेल. मी त्याला कडाडून विरोध केला. कराच्या कागदावर ‘मी तिथला रहिवासी नाही’ असे लिहून विमानतळावर ‘मी इथलाच’ म्हणता येत नाही. अशा रिटर्नकडे रहिवास सोडल्याचा पुरावा म्हणून पाहिले जाते. आम्ही एप्रिलपासून पुढचा काळ रहिवासी म्हणून दाखवला, पगारावर भारतात भरलेल्या कराची वजावट तिकडे घेतली. वहिनी अनिवासी, त्यांना रिटर्नमध्ये ओढले नाही. एफबार वेगळे भरले. एवढे करून प्रत्यक्ष जास्तीचा कर किरकोळच निघाला.

आजची स्थिती

सर ३१ मे २०२५ ला निवृत्त झाले आणि जूनमध्ये गेले. वेतननिश्चिती दुरुस्त झाली होती, त्यामुळे त्यांचा वर्षभर थांबण्याचा हिशेब पेन्शनच्या बाजूने खरा ठरला, हे मला मान्य केले पाहिजे. नागरिकत्वाच्या बाजूने मात्र प्रत्यक्ष वास्तव्याचे ते महिने गेले ते गेलेच. पहिल्या वर्षी ते तिथे एका शिकवणी-केंद्रात काम करत होते, शाळेत शिकवण्यासाठी लागणाऱ्या पात्रतेची कागदपत्रे चालू आहेत.

थोरली अंतिम परीक्षा आणि इंटर्नशिप यांच्यामधल्या मोकळ्या आठवड्यांत एकदा जाऊन आली, त्यामुळे परमिट यायच्या आधी सलग वर्ष बाहेर राहण्याचा पेच पडला नाही. परमिट २०२५ च्या उत्तरार्धात मुंबईत हातात मिळाले. मंजुरीच्या तारखेपासून दोन वर्षे धरली तर इंटर्नशिप संपून वर कित्येक महिने उरतात. रात्रपाळी नसेल त्या दिवशी ती घरी येते आणि आजींना आंघोळ घालते. वहिनींना तेवढाच श्वास मिळतो.

वहिनींच्या बाबतीत दोन गोष्टी करून ठेवल्या आहेत. मागाहून येण्याच्या अर्जासाठी लागणारे सरांच्या रहिवासाचे कागद, विवाहनोंदणी आणि ताईची दोन वर्षांची रिटर्न्स एका जागी लावली आहेत. आणि एफ४ ची तारीख कधी मागे सरकलीच तर अडून राहू नये म्हणून सरांनी कायमचा रहिवासी या नात्याने पत्नीसाठी एफ२ए या, रहिवाशाच्या पती-पत्नीसाठीच्या, वर्गातला आय-१३० हा अर्ज स्वतंत्रपणे भरला आहे. ताई पुढच्या वर्षी निवृत्त होते आहे, तेव्हा हमीपत्रासाठी जोडीदार हमीदार म्हणून तिच्या मुलाने नाव दिले आहे. वहिनींच्या नावापुढची तारीख अजून कोरी आहे, आणि ती भरण्याची घाई घरात आता कोणी करत नाही.